युरिक ॲसिड, बायपास आणि मूत्रपिंड
(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा गोषवारा)



‘डॉक्टर, बायपास ठरली आहे. युरिक ॲसिड साडेआठ आलंय. किडनी वाचवायला आधीच गोळी सुरू करू का?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि तो अजिबात भाबडा नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्यावर ताण येतो. ज्यांचं युरिक ॲसिड जास्त, त्यांची मूत्रपिंडं शस्त्रक्रियेनंतर अधिक वेळा बिघडतात, असं दिसून आलं आहे. पण मूत्रपिंड आधीच थोडं मंदावलेलं असेल तरीही युरिक ॲसिड वाढतं! मग आग कुठली आणि धूर कुठला?

फ्लोरिडातील डॉक्टरांनी रासबुरिकेज हे औषध देऊन पाहिलं. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिड विरघळवणारं विकर असतं, माणसाने ते उत्क्रांतीत गमावलं. ते बाहेरून द्यायचं. युरिक ॲसिड झपाट्याने उतरलं, क्रिएटिनिनमध्ये मात्र फरक दिसला नाही. रुग्ण जेमतेम पंचवीसेक होते, हेही खरं. २०२० साली ॲलोप्युरिनॉलच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्या शस्त्रक्रियेच्या नव्हत्या, जुनाट मूत्रपिंडविकाराच्या होत्या; तिथेही ऱ्हास थांबला नाही.

शिवाय ॲलोप्युरिनॉलने क्वचित अंगावर जीवघेणी पुरळ उठते, आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी रासबुरिकेजने फुटतात. म्हणून केवळ आकडा पाहून गोळी घेऊ नका. गाऊटसाठी आधीपासून चालू असेल, तर मनाने बंदही करू नका.

मग किडनीसाठी करायचं काय? जर्मनीत २०१७ साली, ज्यांना धोका जास्त होता अशा २७६ रुग्णांवर अभ्यास झाला. रक्तदाब आणि शरीरातलं पाणी नीट सांभाळणं, साखर चढू न देणं, लघवी आणि क्रिएटिनिनवर लक्ष, मूत्रपिंडाला जड औषधं टाळणं, एवढंच काटेकोरपणे केलं. मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांवरून ५५ वर आलं. मला या कंटाळवाण्या यादीवर जास्त भरवसा आहे.

यात तुमचा वाटा मोठा आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सर्जनला सांगा. आपली मंडळी नेमक्या त्याच लपवतात. अँजिओग्राफी कधी झाली तेही सांगा, कारण तिच्यातलं औषधही मूत्रपिंडावर भार टाकतं. रक्तदाबाची कुठली गोळी कधी थांबवायची, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.

आता प्रश्न विचारा. रिपोर्ट आरतीनंतर पाहू.