जिभेचा धडा

मंडळी, आज पाटी खाली ठेवा आणि जिभेकडे लक्ष द्या.

आधी ‘त’ म्हणा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकले ना? आता ‘ट’ म्हणा. टोक मागे वळून टाळूला लागले. जीभ तेवढी वळली आणि अक्षर बदलले. ‘ताक’ म्हटले की प्यायचे, ‘टाक’ म्हटले की फेकायचे.

इंग्रजांची जीभ या दोहोंच्या मधे टेकते, दातांमागच्या हिरडीला. त्यांचा तो आवाज आपल्याला कधी ‘त’ वाटतो, कधी ‘ट’. एसटीचे तिकीट घेता ना? इंग्रजीत त्या शब्दात दोन्ही ठिकाणी एकच आवाज आहे. आपण पहिल्याचा ‘त’ केला, दुसऱ्याचा ‘ट’. गंमत आहे की नाही!

आता ‘ल’ आणि ‘ळ’. यांच्यापायी आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगतो.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आगरी बाई येत असत. आगरी बोलीत काळ्याला ‘काला’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’. बाईंनी आपल्या हाताने पहिला अर्ज लिहिला, ‘विहिरीत गाल साचला आहे, उपसून द्यावा.’ कचेरीत तो मोठ्याने वाचला गेला. सगळे हसले. गाळ तसाच राहिला, आणि बाई वर्गाला यायच्या बंद झाल्या.

चूक आमची होती. आम्ही नुसते ‘ळ म्हणा, ळ म्हणा’ करीत होतो. जीभ कुठे न्यायची ते दाखवलेच नव्हते. अहो, जो फरक लहानपणी कानावर पडला नाही, तो कानाला एकदम कळणार कसा?

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. हात पुढे केला, बोटे सरळ धरली. ‘ही ‘ल’ची जीभ. टोक दातांमागे.’ मग बोटे वर करून मागे वळवली. ‘ही ‘ळ’ची. टोक टाळूला लावा आणि झटकन खाली सोडा.’ सून चुलीपाशी बसून हसत होती, पण तीही गुपचूप करून पाहत होती. दहा-बारा वेळा ‘गाल, गाळ’ झाले आणि बाईंच्या तोंडून स्वच्छ ‘ळ’ निघाला.

घरात खुशाल ‘काला’ म्हणा. ती तुमची बोली आहे. हिंदीतही ‘काला’ आणि ‘फल’च म्हणतात, त्यांना कोण हसते? लिहिताना मात्र कोणत्या शब्दात ‘ळ’ आहे ते एकेक करून लक्षात ठेवावे लागते. त्याला दुसरा उपाय नाही.

बाईंनी पुन्हा अर्ज लिहिला. त्यात ‘गाळ’ बरोबर होता, पण ‘पाणी’चे ‘पानी’च राहिले होते. तेव्हा ‘न’ आणि ‘ण’ उद्या घेऊ.