काटकसर करा, पण ताटातून नको

कुणी चूल पेटवता पेटवता ऐकत असेल, कुणी शेळ्या बांधून आत्ताच टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही कर्ज फेडण्यासाठी घरखर्च कमी करण्याबद्दल बोलणार आहोत. आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. त्यातली एक ताई तीन महिने दर महिन्याला ९०० रुपये जादा आणून गटात ठेवत होती. म्हणायची, "खर्च कमी केलाय, कर्ज फेडायचंय." आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या. "बघा, काटकसर शिकावी तर हिच्याकडून," असंही म्हणालो. पण खर्च कुठून कमी केलास, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात कांद्याच्या खुरपणीत ती चक्कर येऊन पडली. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. बाईच्या अंगात ते बारा तरी असावं लागतं. मग एकेक गोष्ट बाहेर आली. दूध सगळं डेअरीला जात होतं, पोरांना कोरा चहा. अंडी बंद. रात्री "मला भूक नाही" म्हणत ही पाणी पिऊन झोपत होती. ते ९०० रुपये असे तिच्या आणि पोरांच्या ताटातून आले होते.

आता हिशेब बघा. तीन महिन्यांत साठले २,७००. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या, पण बारा दिवस मजुरी बुडाली. ३०० रुपये रोजानं ३,६०० गेले. साठवलेलं सगळं हप्ता भरण्यातच संपलं, वर दुकानात ३,००० ची उधारी झाली. तिला विचारूनच हे सांगतोय. ती म्हणाली, "सांगा, दुसरी कुणी असं करायला नको."

त्या दिवशी गटानं पहिला नियम केला. काय कमी करायचं ते नंतर, आधी कशाला हात लावायचा नाही ते ठरवायचं. घरच्या बाईची भाकरी, पोरांचं दूध, चालू असलेली औषधं आणि लेकीची शाळा. या चार गोष्टी कर्जासाठी कापायच्या नाहीत. आपल्याकडं ओढाताण झाली की सगळ्यात आधी बाई आपल्या पानातलं काढते, आणि तिला कुणी अडवतही नाही. ती आजारी पडली की घरच आडवं होतं.

मग आम्ही दोघीतिघी तिच्या पडवीत बसलो. म्हटलं, सगळी कर्जं सांग. तिनं दोन सांगितली. तिसरं चहाच्या दुसऱ्या कपानंतर निघालं. फायनान्सच्या दोन कंपन्यांचे हप्ते, एक ३,१०० चा, दुसरा २,६५० चा. आणि लेकाच्या दवाखान्यासाठी गावातल्याच एकाकडून घेतलेले १०,०००, शेकडा ५ रुपये महिन्यानं. त्याचं नुसतं व्याज महिन्याला ५००. दोन वर्षं ती व्याजच भरत होती. म्हणजे १२,००० दिले आणि १०,००० जिथल्या तिथं! लाजेपायी लपवलेलं कर्जच सगळ्यात महागाचं निघालं. म्हणून मैत्रिणींनो, कागदावर सगळं लिहा. लपवलेल्या कर्जाचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून ते वाढत राहतं.

पुढचा महिनाभर तिनं खर्च लिहिला. वही नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुधाचा रतीब लिहितो ना आपण तारखेच्या चौकोनात, तसंच. लिहायचं काम सातवीतल्या लेकीनं केलं. महिनाअखेरीला बेरीज मारली तेव्हा घरात सगळे गप्प. पोरांच्या पुड्या आणि बिस्किटं ६००. मालकांची तंबाखू आणि मावा ९००. घरात तीन मोबाईल, तिन्हीला रिचार्ज. आहेर ५००. आणि उधारीवर किराणा आणायचा म्हणजे दुकानदार लावेल तो भाव, बोलायला तोंड नाही.

मालकांशी बोलायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. "तुमच्या व्यसनानं घर बुडालं" म्हटलं की भांडण ठरलेलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, सोडा म्हणत नाही, निम्मी करा. मी यंदा जत्रेची साडी घेत नाही." आणि कॅलेंडर पुढं ठेवलं. बेरीज लेकीच्या हातची होती, त्यामुळं वाद घालता येईना. त्यांनी निम्मी केली. लगेच नाही, पंधरा दिवस कुरकुर करून.

मग असं जमलं. तंबाखूचे ४५० वाचले. पुड्यांऐवजी घरात शेंगदाणे-गूळ आणि फुटाण्यांचा डबा ठेवला, त्यातून ४००. एक सिम बंद, २००. किराणा आठवड्याच्या बाजारातून रोखीनं, १५०. आहेरातून ३००. एकूण १,५००. आणि दूध पुन्हा घरात आलं.

आहेराचं मात्र एकटीनं जमलं नसतं. एकीनं आहेर केला नाही तर भावकी नावं ठेवते. म्हणून गटानं मिळून ठरवलं, आपल्यात कुणाच्याही घरी कार्य असलं तर साडी नाही, टॉवेल-टोपी नाही. अकरा जणींचं मिळून एक पाकीट. तसंही आहेराची साडी कुणी नेसतं का? ती घडी न मोडता या घरातून त्या घरात फिरते, आणि कधी कधी आपलीच आपल्याकडं परत येते!

आता हे १,५०० कुठं घालायचे? जिथं व्याज जास्त तिथं. पण तो सावकार म्हणाला, थोडे थोडे घेणार नाही, सगळे एकदम आणा. मग गटानं तिला १०,००० दिले, शेकडा २ रुपयांनी. दोघी बरोबर गेलो, पैसे दिले, कोरा सही केलेला कागद परत घेतला. आता ती व्याजाचे जुने ५०० आणि वाचलेले १,५०० असे २,००० दर महिन्याला गटात भरते. पाच महिने २,००० आणि सहाव्याला ६४६, की संपलं. व्याज एकूण ६४६ रुपये, तेही आपल्याच गटात. तिकडं सहा महिन्यांत नुसत्या व्याजाचे ३,००० गेले असते. मात्र एक लक्षात ठेवा. नवं कर्ज काढून जुनं फेडायचं ते नव्याचं व्याज कमी असेल तरच, आणि जुनं त्याच दिवशी पुरतं मिटणार असेल तरच. नाहीतर एकाची दोन होतात.

थोडं हक्काचंही सांगतो. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या विनातारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. या ताईच्या घरात येतात १२,००० आणि व्याज धरून जात होते ६,२५०. म्हणजे रेघ ओलांडलेली. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड आपल्याला कळेल अशा भाषेत मिळालं पाहिजे. आणि परवाना नसताना सावकारी करणं हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, तिथं तक्रार करता येते. एकटीनं जाऊ नका, गटानं जा.

ताईचं कर्ज अजून संपलेलं नाही. गटाचे दोन हप्ते राहिलेत. ते झाले की हेच २,००० दुकानाच्या उधारीला, मग लहान हप्त्याच्या कंपनीला. पण परवा बैठकीत तिनं सांगितलं, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलंय. या वेळच्या टाळ्या आम्ही विचारून वाजवल्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. कुणी जादा पैसे आणले तर शाबासकी देण्याआधी तिला विचारा, "बाई, रात्री जेवलीस का?"

चला, भाकरी करपायच्या आत निरोप घेतो. नमस्कार.