कर्जदार आणि राज्याचे गुपित



माणसाच्या खासगी कर्जाचा आणि राज्याच्या गुपिताचा संबंध काय, असे आपणांपैकी काहींना वाटेल. नगरकरांना तरी तो परका वाटू नये. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय आपल्या शहरी आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. आणि गावोगावची मुले फौजेत जातात. ज्याच्या हाती नकाशा किंवा कपाटाची किल्ली द्यावयाची, त्याच्या देण्याघेण्याकडे पाहिल्यावाचून चालत नाही.

कर्ज म्हणजे काय, हे या जिल्ह्यास शिकवावयास नको. 1875 साली पारनेर, श्रीगोंदे या बाजूच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे हिसकावून जाळले. पुढे 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. पाऊस दगा देतो, बैल मरतो, घरात आजारपण येते. अशाने कर्जबाजारी झालेला माणूस गुन्हेगार नव्हे, हे तेव्हाच मान्य झाले.

मग सरकारी नोकराच्या कर्जाची चौकशी कशासाठी? केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांसाठी 1964 साली वर्तणुकीचे नियम झाले. त्यांतील 17 वा नियम सांगतो की, नोकराने सदैव कर्जात राहू नये, नादार होऊ नये. आणि वसुलीसाठी त्याच्यावर दावा झालाच, तर सारी हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी. शिपायाला तर 1950 च्या लष्करी कायद्याने अधिक संरक्षण दिले आहे. धनकोला त्याच्या पगारावर जप्ती आणता येत नाही, कर्जापायी त्याला अटकही करवता येत नाही.

तथापि कायदा पगार राखील, मनातली धास्ती कशी राखणार? अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातील ऑल्ड्रिच एम्स 1985 साली कर्जाने गांजला होता. त्याने सोव्हिएत वकिलातीला माणसांची नावे दिली आणि 50,000 डॉलर घेतले. 1994 साली तो पकडला गेला, तोवर त्याने उघडे पाडलेल्यांपैकी कित्येकांना देहदंड झाला होता. त्या देशात गुपिते हाताळण्याची परवानगी देताना थकलेली कर्जे तपासतात. पण आजारपणाने किंवा नोकरी गेल्याने कर्ज झाले असेल, आणि माणूस ते प्रामाणिकपणे फेडू लागला असेल, तर तेही विचारात घेतात.

आमच्याकडे ही वाट कशी लागते? बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढतात, मित्राला जामीन राहतात. आता तर मोबाइलवर घटकाभरात कर्ज मिळते. हप्ता थकतो. वसुलीवाल्याचा फोन कचेरीत येईल, साहेबांना कळेल, या भीतीने झोप उडते. अशा वेळी एखादा गोडबोल्या भेटतो आणि म्हणतो, "एवढेच ना? मी भरतो." पहिल्या महिन्यात तो काही मागत नाही. पुढे सहज विचारतो, तुमच्या गाड्या कोणत्या दिवशी हलणार? आता पैसे परत करून सुटका होत नाही, कारण हा रोखा रुपयांचा राहिलेला नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. कर्ज थकले तर पहिल्याच महिन्यात घरी सांगा, बँकेशी हप्ते बांधून घ्या, नियमाप्रमाणे वरिष्ठांस लेखी कळवा. वरिष्ठांनीही सांगावयास आलेल्यास हिणवू नये. एकास हिणवले की दहाजण लपवू लागतात. आणि आम्ही घरच्या मंडळींनी सरकारी पगाराच्या जोरावर मांडवाचा थाट वाढवू नये. मुलाच्या कर्जात आमचाही वाटा असतो, तो आम्ही विसरतो.

आमच्या आजे-पणज्यांनी रोखे जाळले, कारण त्यांना दुसरा उपाय उरला नव्हता. आम्हांला तो उरला आहे. आपला रोखा आपणच चारचौघांत उघडून दाखविला, की तो धरून आपल्याला धमकावण्याची सोय कोणाला राहत नाही.