राणीची गोधडी



गोधडी म्हटली की आपल्याला आजीचं मऊ, जुनं लुगडं आठवतं. आज मी सांगणार आहे ती गोधडी रेशमी आहे, आणि ती एका राणीनं कैदेत शिवली. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांची ही शेवटची राणी, लिलिउओकलानी.

तिच्या आधीही हवाईच्या राजघराण्यात बायकांचा शब्द चालायचा. खरं तर पूर्वी तिथं बायकांनी पुरुषांच्या पंक्तीला बसायचं नाही, केळं खायचं नाही, असा कडक निर्बंध होता; मोडला तर प्राणाशी गाठ. १८१९ मध्ये राजा कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू हिनं गादीवर आलेल्या तरुण राजाला बायकांच्या पंक्तीत जेवायला बसवलं. त्या एका जेवणानं जुना धर्मच मोडीत निघाला! पुढं परक्यांनी आणलेल्या रोगांनी माणसं मरू लागली, तेव्हा राणी एम्मा आणि तिचा नवरा इस्पितळासाठी वर्गणी मागत स्वतः फिरले. १८५९ मध्ये सुरू झालेलं ते इस्पितळ आजही चालू आहे.

लिलिउओकलानी १८९१ मध्ये गादीवर आली. राजाचे काढून घेतलेले अधिकार परत मिळावेत म्हणून तिनं नवी राज्यघटना आणायचं ठरवलं. साखरेच्या धंद्यातल्या बड्या गोऱ्यांना ते खपलं नाही. जानेवारी १८९३ मध्ये अमेरिकी जहाजावरचे सैनिक होनोलुलूत उतरले आणि रक्तपात नको म्हणून राणीनं सत्ता सोडली. दोन वर्षांनी तिच्या पाठीराख्यांचा उठाव फसला आणि तिला तिच्याच राजवाड्यात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आठेक महिने कोंडलं.

तिला वर्तमानपत्रं बंद होती. पण तिच्या बागेतली फुलं यायची, ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. फुलं बाजूला ठेवून ती चुरगळलेला कागद सारखा करायची आणि वाचायची. आणि सोबतिणीबरोबर रेशमाचे वेडेवाकडे तुकडे जोडत बसायची. गोधडीच्या मधोमध हवाईचे झेंडे भरले, भोवती आपल्या आयुष्यातल्या तारखा. कागदावर लिहिलेलं कुणी जप्त केलं असतं. टाके कोण उसवणार? माझ्या मते हवाईचा तो सगळ्यात खरा दस्तऐवज आहे.

राज्य परत मिळालं नाही. १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली, १९१७ मध्ये राणी वारली. अमेरिकी काँग्रेसनं माफी मागितली ती १९९३ मध्ये. गोधडी इओलानी राजवाड्यातच आहे, तिच्या कैदेच्या खोलीत, काचेआड.