गाडीसाठी पहिलं पॉलिशिंग मशीन

गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे घरीच घालवायचे असतील, तर मशीन घेताना किमतीआधी त्याची चाल पाहा. रोटरी मशीन एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं. एका जागी रेंगाळलं, तर रंग तापून खराब होतो. ड्युअल ॲक्शन मशीनचं पॅड फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे रंग कमी तापतो. नवशिक्यानं हेच घ्यावं. वेग कमी-जास्त करता यावा, पॅड लावायची चकती 5 इंचांची असावी, पॅड सहज मिळावीत. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनच जाड असतो आणि पॉलिश करताना तो थोडा झिजतो; म्हणून गाडी धुऊन, सावलीत, मऊ फोम पॅडनं आधी छोट्या भागावर पॉलिश करून पाहा. नखाला लागणारा खोल ओरखडा मात्र पॉलिशनं जात नाही.