सनद सव्वाशेची, पण काळ्या कोटाची किंमत किती?

(पुसेगाव, जि. हिंगोली येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीतलं पोरगं 'मला वकील व्हायचंय' म्हणालं की लोक आधी हसतात. मग विचारतात, किती लागतील? हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज त्याचाच हिशोब मांडू.

आधी कागदावरचा हिशोब. १९६१ चा वकील कायदा, कलम २४. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराने सनदेसाठी भरायचे १२५ रुपये. शंभर राज्याच्या बार कौन्सिलला, पंचवीस भारताच्या बार कौन्सिलला. इतरांना ७५०. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना देशभरातल्या बार कौन्सिलांनी वर्षानुवर्षं पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत वसूल केले. कुठे लायब्ररीच्या नावाने, कुठे कल्याण निधीच्या, कुठे ओळखपत्राच्या. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने गौरव कुमार खटल्यात बजावलं की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. पण आधी घेतलेले परत करायला लावले नाहीत. ज्यांच्या आईने गळ्यातलं गहाण टाकून भरले, त्यांचे गेले ते गेलेच.

सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. २०२४ च्या परीक्षेला आपल्या पोरांकडून २५०० रुपये घेतले. सनद सव्वाशेची आणि परीक्षा तिच्या वीसपट!

तरीही फी हा छोटा खर्च आहे. बारावीनंतर पाच वर्षं, नाही तर पदवीनंतर तीन वर्षं. शिष्यवृत्ती आहे, स्वाधार आहे, उशिरा का होईना पैसे येतात. पण ते शिकणाऱ्याला. पदवी हातात पडली की मदत बंद, आणि खरा खर्च त्याच दिवशी सुरू होतो. सीनियरच्या ऑफिसात फायली वाहायच्या, तारखा घ्यायच्या, झेरॉक्स काढायच्या. दोन-तीन वर्षं हातात फार तर चहापाण्याचे पैसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार मासिक विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलं, बांधून घातलं नाही. ज्याच्या घरी वावर आहे, बापाची वकिली आहे, तो तीन वर्षं बिनपगारी थांबू शकतो. ज्याची आई हळद काढायला मजुरीने जाते, तो कसा थांबणार? तो कंपनीत लागतो, शिकवणी घेतो. काळा कोट खुंटीला टांगलेला राहतो.

आणि थांबलाच, तरी काम कोण देणार?

बाबासाहेबांचं बघा. १९१६ ला ग्रेज इनमध्ये नाव घातलं. १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलं, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांकडून पाच हजार कर्ज घेतलं, तेव्हा १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२३ ला मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. तिथल्या ओरिजिनल साइडला तेव्हा पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. मधे सॉलिसिटर असे, कागद तो करी, बॅरिस्टर तो निवडी. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर कामं देईनात. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस जिल्हा कोर्टांत फिरला आणि पोटासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत राहिला.

ती सक्तीची दुहेरी पद्धत १९७७ ला गेली. सॉलिसिटरची परीक्षा मात्र मुंबईत अजून आहे. एखाद्या सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकल क्लार्क म्हणून राहायचं, मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. पुसेगावच्या पोराने पाचशेहून जास्त किलोमीटरवर, मुंबईच्या भाड्यात, ती तीन वर्षं कशाच्या जिवावर काढायची? आणि त्या ऑफिसात त्याला आत घेणार कोण? दाराशी बसून काम वाटणारा माणूस आजही आहे. त्याचं नाव फक्त ओळख, आडनाव आणि इंग्रजी असं झालंय.

मग कशाला मरायचं त्या कोटासाठी? परभणीकडे बघा, म्हणून. १० डिसेंबर २०२४ ला तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. त्याच्या आईने हायकोर्ट गाठलं, तिच्या बाजूने प्रकाश आंबेडकर उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सुप्रीम कोर्टाने तो उठवला नाही. वकील उभा राहिला म्हणून निदान आदेश तरी निघाला. गावोगावच्या ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये कोण उभा राहतो? फिर्यादीला धड माहीतही नसतं की १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडिताच्या इच्छेवरून सरकारी खर्चाने नामवंत वकील नेमता येतो. हे सांगणारा आपला माणूस कोर्टाच्या आवारात नसतो.

म्हणून एक साधा हिशोब. पन्नास घरं, महिन्याला शंभर रुपये. महिन्याचे पाच हजार, तीन वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. एवढ्यात तालुक्याच्या कोर्टात एक पोरगा किंवा पोरगी पाय रोवून उभी राहते. जयंतीला एका रात्रीत डीजेवर किती उडतात, ते ज्याचं त्याने मोजावं.

पण देणाऱ्यांनी अट घालावी. पुढं शहरात जा, सॉलिसिटर व्हा, जज्ज व्हा. पण त्याआधी वस्तीतल्या केसेस हातात घ्या आणि तुमच्या मागून येणाऱ्या एकाला ज्युनिअर म्हणून पगार देऊन ठेवा. आणि आपण आपले कागद आपल्या वकिलाकडेच न्यावेत. सॉलिसिटरांनी बाबासाहेबांना कामं दिली नाहीत म्हणून आपण संतापतो. आपल्याच पोराला नवखा म्हणून टाळून दुसऱ्याच्या ऑफिसाबाहेर रांग लावतो, तेव्हा आपण वेगळं काय करतो?

वही आणली आहे. ज्याला नाव लिहायचं त्याने लिहावं, पण पहिल्या शंभर रुपयांसकट.

जय भीम!