बिनचुलीच्या घराचे वीजबिल



शहरांच्या कडेला उठणाऱ्या उंच इमारतींतून अलीकडे अशी पुष्कळ बिऱ्हाडे थाटली जात आहेत, की ज्यांच्या स्वयंपाकघरात गॅसची टाकी नाही, न्हाणीघरात बंब नाही, आणि देवापुढच्या निरांजनाचा अपवाद सोडला तर घरभर ज्योत म्हणून कोठे पेटत नाही. भात विजेवर शिजतो, स्नानाचे पाणी विजेवर तापते, पापडसुद्धा विजेवरच भाजला जातो. घर स्वच्छ, धूरविरहित आणि निर्धोक झाल्याचे समाधान दोनचार महिने टिकते. आणि मग डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, जेव्हा वातानुकूलन यंत्र कधीचेच बंद झालेले असते आणि पंख्यालाही फारसे काम उरलेले नसते, तेव्हा नेमके अपेक्षेच्या दुपटीने देयक हाती पडते. अशा वेळी कुटुंबप्रमुखाचा पहिला संशय मीटरवर जातो, दुसरा वीज कंपनीच्या दप्तरावर आणि तिसरा शेजाऱ्यावर. हे तिन्ही संशय अगदीच निराधार असतात असे मी म्हणणार नाही, आणि त्यांचा समाचार पुढे घेणारच आहे. परंतु बहुसंख्य प्रकरणी देयक खरे असते, आणि ते खरे का असते हे समजून घेणे अधिक उद्बोधक आहे.

आपल्या आजोबांच्या घरातही उष्णता लागतच होती. परंतु तिची किंमत एका ठिकाणी कधी नोंदली जात नव्हती. बंबाच्या ढलप्या वखारीतून येत, शेगडीचा कोळसा पोत्याने येई, स्टोव्हचे रॉकेल शिधापत्रिकेवर मिळे, आणि पुढे गॅस आला तेव्हा त्याचे पैसे टाकी आणणाऱ्या इसमाच्या हाती रोख पडू लागले. या सर्व खर्चांची बेरीज करण्याचा उपद्व्याप कोणी केला नाही. विजेचे बिल म्हणजे चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ यांचे बिल, ही समजूत त्या काळात रुजली आणि तिने आपल्या मनात घर केले. आज वखार, कोळसा, रॉकेल आणि टाकी ही चारही खाती एकाच खात्यात विलीन झाली आहेत, आणि आपण मात्र त्या एका खात्याची तुलना अजूनही दिव्या-पंख्यांच्या जुन्या बिलाशी करीत आहोत. घरात गॅस नसल्यामुळे वाचलेले पैसे कोणत्याही कागदावर छापून येत नाहीत. वाढलेले पैसे तेवढे छापून येतात.

विजेची कामे ढोबळपणे तीन: उजेड पाडणे, चक्र फिरवणे आणि उष्णता निर्माण करणे. यांपैकी पहिली दोन आता आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त झाली आहेत. एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण तासभर चालवण्यास लागणारी वीज. या मापाने ९ वॉटचा एलईडी दिवा एका युनिटावर शंभराहून अधिक तास जळतो. उलट २००० वॉटचा गीझर तेच युनिट अर्ध्या तासात संपवतो. म्हणून मुले खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवीत नाहीत अशी जी वडिलधाऱ्यांची जुनी तक्रार आहे, ती शिस्तीच्या दृष्टीने योग्य असली तरी हिशेबाच्या दृष्टीने कालबाह्य ठरली आहे. दिव्यावर रागावणारे वडील स्वतः सकाळी गीझरचे बटण दाबून वर्तमानपत्र वाचीत बसतात, आणि घरातले सर्वांत खर्चिक उपकरण त्या वेळी निमूटपणे आपले काम करीत असते.

याविषयी थोडे गणित मांडतो. ते कंटाळवाणे वाटल्यास श्रोत्यांनी क्षमा करावी. पुण्यातल्या एखाद्या चौकोनी कुटुंबाचा विचार करू. हिवाळ्याच्या सकाळी टाकीचे पाणी १८ अंशांवर असते आणि स्नानास ते सुमारे ४० अंशांपर्यंत तापलेले हवे. २० लिटरची बादली एवढी तापवण्यास साधारण अर्धे युनिट लागते. चार माणसे, चार बादल्या, दोन युनिटे, महिन्याला साठ. परंतु बादलीच्या जागी शॉवर आला, आणि त्याच्याखाली पाच-सहा मिनिटे उभे राहिले, की ५० लिटर पाणी सहज वाहून जाते आणि माणशी सव्वा युनिट खर्ची पडते. म्हणजे तीच चार माणसे, तेच अभ्यंग, आणि महिन्याचा आकडा साठावरून दीडशेवर! उन्हाळ्यात पाणी मुळातच २८ अंशांवर असल्यामुळे ही गरज निम्म्याच्या आसपास उतरते. मे महिन्यात बिल वाढले तरी कोणी दचकत नाही, कारण त्या वाढीचा कर्ता, म्हणजे वातानुकूलन यंत्र, डोक्यावरच्या भिंतीवर गुरगुरत असतो. जानेवारीच्या वाढीचा कर्ता मात्र न्हाणीघराच्या माळ्याशी लपलेला असतो. त्यातही गीझर दिवसभर चालू ठेवण्याची सवय काही घरांत आढळते. आत तापलेले पाणी कोणी वापरो वा न वापरो, ते हळूहळू निवत राहते आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तापवीत राहते. असा हा कोणाच्याही अंगावर न पडणाऱ्या पाण्याचा खर्च असतो.

आता स्वयंपाक. घरगुती वापराच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्यात सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता साठवलेली असते. शेगडीच्या ज्वाळेतली एक तृतीयांश उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, म्हणून अन्नाच्या वाट्याला १२० युनिटांइतकीच येते. इंडक्शनची शेगडी भांड्याचा तळच तापवीत असल्यामुळे तिच्यात नासाडी पुष्कळ कमी. तेवढाच स्वयंपाक ती सुमारे १४० युनिटांत करते. जे सिलिंडर पूर्वी दीड महिना पुरत असे, त्याच्या जागी आता दरमहा नव्वदच्या घरात युनिटे मोजावी लागतात. दिवे, पंखे, फ्रीज, धुलाईयंत्र आणि दूरचित्रवाणी संच यांची मिळून शंभराच्या आसपास होतात. सगळी बेरीज केली तर बादलीने स्नान करणारे घर अडीचशेवर आणि शॉवरचे घर साडेतीनशेच्या जवळ जाऊन पोहोचते. यात चैन म्हणावी अशी गोष्ट एकही नाही.

आणि येथेच दरपत्रकाचा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रात विजेचे दर ठरवण्याचा अधिकार १९९९ साली स्थापन झालेल्या विद्युत नियामक आयोगाकडे आहे, आणि महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी त्याने चढत्या टप्प्यांची पद्धत चालू ठेवली आहे. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त. १०१ ते ३०० यांचा दर गेली काही वर्षे पहिल्याच्या सुमारे दुप्पट. ३०० नंतर तो आणखी वाढतो आणि ५०० नंतर त्याहूनही. शंभराची सीमा ओलांडताच सगळीच युनिटे महाग होतात असा जो लोकांत प्रवाद आहे तो खोटा असून, वरच्या दराने फक्त वरची युनिटे आकारली जातात, हे आवर्जून सांगितले पाहिजे. या पद्धतीमागचा हेतू उदात्त आहे. जो थोडी वीज वापरतो तो गरीब, जो पुष्कळ वापरतो तो संपन्न, तेव्हा संपन्नाने थोडा अधिक भार उचलावा. परंतु हे गृहीत, ज्या काळी घरातली वीज म्हणजे दिवा आणि पंखा होती आणि त्यापलीकडची वीज म्हणजे चैन होती, त्या काळचे आहे. बिनचुलीच्या घरात स्वस्त शंभर युनिटे पंखे, दिवे आणि फ्रीज यांतच सरून जातात, आणि वरणभात व आंघोळ यांचा खर्च चैनीच्या कोष्टकात जाऊन पडतो. आजच्या दराने दुसऱ्या टप्प्यातली १४० युनिटे सिलिंडरच्या घरपोच किमतीहून बरीच महाग पडतात. ज्या घराचा एकूण वापर शंभराच्या आतच राहतो, तेथे मात्र तीच शेगडी गॅसच्या बरोबरीने पडू शकते. इंडक्शनची शेगडी काटकसरीची की उधळी, याचे उत्तर अशा प्रकारे शेगडीच्या गुणावर अवलंबून नसून तिची युनिटे कोणत्या टप्प्यात पडतात यावर अवलंबून आहे. जो धूर सोडून देण्याचा उपदेश शासन आणि शास्त्रज्ञ दोघेही करीत आहेत, तो सोडणाऱ्या गृहस्थास दरपत्रकाने श्रीमंतांच्या पंगतीस बसवावे, यात मला तरी न्याय दिसत नाही.

याच दरपत्रकानुसार जुलै २०२५ पासून, ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसले आहेत त्यांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या विजेवर काही सवलत मिळू लागली आहे. सूर्यापासून मिळणारी वीज त्या वेळी विपुल असते, हे कारण रास्तच आहे. फक्त नोकरदार कुटुंबाच्या दाराला त्या वेळी कुलूप असते.

देयकाच्या कागदावर वीज आकाराखेरीज आणखीही रकाने असतात. स्थिर आकार वापर शून्य असला तरी चुकत नाही. वहन आकार तारांवरून वीज आणण्याचा, प्रत्येक युनिटामागे. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो. आणि या साऱ्यांवर शासनाचे वीज शुल्क, शेकडा १६. म्हणून युनिटे गुणिले दर असा सरळ गुणाकार करून कंपनीवर फसवणुकीचा आरोप करणाऱ्यांनी जरा धीर धरावा. मात्र दोन बाबी प्रत्येकाने तपासाव्यात. मागील व चालू नोंदींच्या तारखांत किती दिवसांचे अंतर आहे, हे पाहावे. मुदत तीस दिवसांहून अधिक असेल तर दराचे टप्पेही त्या प्रमाणात लांबलेले असले पाहिजेत. आणि नोंद खरोखर घेतली आहे की सरासरीवर देयक काढले आहे, हे पाहावे. कारण सरासरीचे दोनतीन महिने लोटल्यावर खरी नोंद झाली, म्हणजे मधल्या महिन्यांची थकलेली युनिटे एकदम अंगावर येतात, आणि त्यांची विभागणी महिनावार झाली नाही तर ती सगळी वरच्या टप्प्यात ढकलली जातात. येथे ग्राहकाची हरकत पूर्णतः न्याय्य असते.

आता सुरुवातीच्या तीन संशयांपैकी उरलेल्या दोहोंकडे, मीटर आणि शेजारी यांच्याकडे, वळू. आजच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि किती लुकलुकी म्हणजे एक युनिट हा आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर केवळ २००० वॉटचा गीझर चालू असताना मिनिटाला शंभराहून थोडी अधिक लुकलुक व्हावी. तशी ती झाली तर मीटर बेइमान नाही असे समजण्यास हरकत नाही. पुढे घरातली सर्व उपकरणे बंद करावीत, परंतु मुख्य स्विच चालूच ठेवावा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर कोठेतरी वीज झिरपते आहे: झिजलेल्या गीझरच्या कांडीतून, ओल आलेल्या भिंतीतल्या तारेतून, किंवा नुसत्या ‘तयार’ अवस्थेत रात्रंदिवस जागत बसलेल्या यंत्रांतून. अशी यंत्रे मिळून ४० वॉटच ओढीत असली तरी महिन्याला जवळजवळ तीस युनिटे होतात. शेवटी मुख्य स्विचही बंद करावा आणि एका माणसास खाली मीटरच्या खोलीत पाठवावे. आपल्या नावाचा मीटर अजूनही चालतच असेल, तर दुसऱ्या कोणाचा तरी भार आपल्या खात्यावर पडतो आहे. नव्या इमारतीत शेकडो तारा एकदम जोडताना दोन सदनिकांचे मीटर परस्परांत अदलाबदल होणे अशक्य नाही. मग शेजाऱ्याच्या वातानुकूलनाचे पैसे आपण, आणि आपल्या काटकसरीचे पुण्य तो, अशी वाटणी महिनोन्‌महिने चालू राहते. बिचाऱ्या शेजाऱ्याचा यात अपराध नसतो, हे भांडणाआधी ध्यानात ठेवलेले बरे.

दोष आढळल्यास लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. शुल्क भरून मीटर तपासून घेण्याचा हक्क ग्राहकास आहे. कंपनीकडून समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल, अशी पायरीपायरीची व्यवस्था कायद्याने केलेली आहे. अर्जासोबत मीटरच्या आकड्यांची तारखेसह टिपलेली वही असेल तर समोरच्या अधिकाऱ्याची भाषा लक्षणीय रीतीने सौम्य होते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

आणखी एक कागद राहिला, जो नवे आर्थिक वर्ष लागल्यावर येतो आणि ज्याने पुष्कळांची झोप उडते: वाढीव सुरक्षा ठेवीची मागणी. मासिक देयक असलेल्या ग्राहकाने दोन महिन्यांच्या सरासरी देयकाइतकी रक्कम कंपनीकडे अनामत ठेवावी, असा नियम आहे, आणि सरासरी दरवर्षी नव्याने काढली जाते. गॅसची टाकी परत करून वर्षभर सारे काही विजेवर करणाऱ्या घराची सरासरी अर्थातच वाढलेली असते. तेव्हा ही मागणी अशा घरी हटकून येते, आणि मोठी येते. ती रक्कम वीजवापराची नव्हे. ती ग्राहकाच्याच नावावर जमा राहते, तिच्यावर व्याज मिळते, आणि ते व्याज पुढच्या एखाद्या देयकातून वळते केले जाते. वळते केले गेले की नाही, हे मात्र चष्मा लावून पाहावे लागते, कारण तो आकडा फार बारीक अक्षरांत छापलेला असतो.